तुम्ही विचारलंत म्हणून : ओक उत्तरेत पोचला कसा?

झाडांच्या आनुवंशिकतेवर बोलायला उभी राहिले की हा प्रश्न हमखास येतो. हिमयुगात उत्तर युरोप बर्फाखाली होता, झाडं तर जागची हलत नाहीत, मग तिथे ओकची रानं आली कुठून?

दक्षिणेतून. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी थंडी ऐन भरात असताना ओक मुख्यतः स्पेन-पोर्तुगाल, इटली आणि बाल्कनमध्ये तग धरून होता. हवा ऊबदार झाली तसा तो वर सरकला. पण इतक्या लवकर? क्लेमंट रीड या ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञाने १८९९मध्येच हिशेब मांडला होता. ओकचं जड फळ झाडाखालीच पडतं. कुणाच्या मदतीशिवाय ब्रिटनच्या उत्तरेपर्यंतचे ६०० मैल कापायला त्याला दहा लाख वर्षं लागली असती. हिमयुग संपून तर १२ हजार वर्षंही झालेली नाहीत!

रीडने पक्ष्यांकडे बोट दाखवलं, ते बरोबर होतं. कावळ्याच्या कुळातला, पंखावर निळी पट्टी मिरवणारा ‘जे’ पानगळीच्या दिवसांत ओकची टोपीवाली फळं घशात भरतो, वर एक चोचीत धरतो आणि लांब मोकळ्या जागी जाऊन एकेक पुरतो. बरीचशी हिवाळ्यात उकरून खातो. विसरलेली रुजतात, तीही आईच्या सावलीबाहेर, भरपूर उन्हात.

या प्रवासाचा माग हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या भागाच्या, डीएनएत राहिला आहे. ओकमध्ये तो आईकडूनच येतो, परागातून नाही; बी गेलं तिथेच तो गेला. ब्रिटनमधल्या बहुतेक देशी ओकची ही वंशरेषा स्पेन-पोर्तुगालला जाऊन मिळते.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढेच. हिमयुगात जिथे झाडं तगली तिथेच जनुकीय विविधता सर्वांत जास्त, असं आपण धरून चालतो. फ्रेंच आनुवंशिकीतज्ज्ञ रेमी पेटी आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये युरोपातल्या २५ जंगलांतली २२ जातींची झाडं-झुडपं तपासली, तेव्हा एकेका जंगलातली विविधता जास्त निघाली ती युरोपच्या मधल्या पट्ट्यात, जिथे वेगवेगळ्या आसऱ्यांतून आलेले वंश एकमेकांत मिसळले. दक्षिणेतली रानं मात्र एकमेकांपासून फार वेगळी. मधल्या पट्ट्यातलं एखादं जंगल गेलं, तर त्यातले बरेचसे वंश आजूबाजूला सापडतील. बाल्कनमधल्या एखाद्या डोंगरकुशीतलं गेलं, तर तिथला वंश कायमचा जाऊ शकतो. दुष्काळ आणि वणव्यांचा मारा याच दक्षिणेवर जास्त आहे. म्हणून जपणुकीचा पैसा आधी तिथल्या लहान, विखुरलेल्या रानांवर खर्च व्हावा, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.