तिखट चीज सँडविच आणि आतलं पाणी

शनिवार, रात्र

दोन सँडविचचं, म्हणजे चार स्लाइसचं माप आज पक्कं लिहून ठेवते. प्रोसेस्ड चीज ६० ग्रॅम, मोझरेला ४० ग्रॅम, हिरव्या मिरच्या २, बारीक चिरलेली ढोबळी मिरची २ टेबलस्पून, कांदा १ टेबलस्पून, मिरपूड पाव टीस्पून. मीठ अजिबात नाही. चीज खारट, विकतचं बटरही खारट. त्यात आणखी मीठ पडलं की कांदा-ढोबळीला पाणी सुटतं आणि पाव आतून गिचका होतो.

घरचं सँडविच बहुतेक वेळा या पाण्यानंच फसतं. म्हणून चिरलेला कांदा आणि ढोबळी स्वच्छ पंचावर पसरून १० मिनिटं ठेवायची. कोथिंबीर-पुदिन्याच्या चटणीत टेबलस्पूनभर डाळं वाटायचं, ते पाणी धरून ठेवतं. चटणीचा चमचा उलटा केला तरी ती पडता कामा नये, इतकी घट्ट हवी. पावाला आधी बटर, मग चटणी. मुंबईचे सँडविचवाले बटर कडेपर्यंत फासतात, त्यात चव आहेच, पण त्या थरामुळे चटणी पावात मुरत नाही.

चीज दोन प्रकारचं का? प्रोसेस्ड चीज तेल न सोडता मऊसूत वितळतं, पण त्याला तार सुटत नाही. मोझरेलाला तार सुटते, मात्र चव फिकी आणि गार झालं की चिवट. दोन्ही फ्रिजमधून काढल्या काढल्या किसावं, तेव्हा ते किसणीला चिकटत नाही. मग कीस १५ मिनिटं बाहेर राहू द्यावा. गारठलेलं चीज वितळेपर्यंत पाव करपून जातो.

मिरचीचा खरा जाळ बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, आणि तो स्निग्धात उतरतो. म्हणून मिरची अगदी बारीक चिरून किसातच कालवायची. वर तुकडे पेरले तर एक घास जाळतो आणि पुढचा मिळमिळीत लागतो. आणखी झणका हवा असेल तर वडापावची सुकी लसूण चटणी अर्धा टीस्पून, तीही आतच. बाहेरच्या बाजूला लागली तर लसूण जळून कडू होतो.

(हेच मिश्रण उघड्या टोस्टवर वितळवून वर तळलेलं अंडं ठेवलं की मुंबईच्या विलिंग्डन क्लबचं एग्ज केजरीवाल. अप्रतिम प्रकार.)

आता आच. जाड तवा, बारीक गॅस. बाहेरून बटर लावलेलं सँडविच ठेवून पहिली ३ मिनिटं झाकण, म्हणजे वाफेनं चीज सैल होतं. उलटल्यावर झाकण नाही, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. उलथन्यानं दाबायचं ते उलटल्यानंतरच आणि हलकं. आधी दाबलं तर सुटा कीस कडेनं बाहेर सांडतो. गॅसवरचा हातटोस्टर असेल तर दर अर्ध्या मिनिटाला बाजू बदलायची, एकूण ४ ते ५ मिनिटं. कडेला ओघळलेल्या चीजची तांबूस जाळी धरली आणि चुरचुर आवाज मंदावला की झालं.

उतरवून थेट ताटलीत ठेवू नये. खाली वाफ कोंडते आणि तळ मऊ पडतो. जाळीवर दोन मिनिटं, मग दातेरी सुरीनं तिरकं कापायचं, न दाबता.