आज विमानाला हात नाही, फक्त हत्यारं

रविवार, रात्री

गेल्या रविवारी घाई नडली. मिग-२१ या लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं १/७२ प्रमाणातलं किट. धडाचे दोन अर्धे जोडले, सांध्यात पुट्टी भरली आणि पॉलिश पेपर नुसता बोटाखाली धरून घासत सुटले. दिव्यासमोर तिरकं धरलं तर सांध्याच्या रेषेवर लांबच लांब खळगा. पुट्टी प्लास्टिकपेक्षा मऊ, ती आधी झिजते आणि बोट तिथेच रुतत जातं.

म्हणून आज दिवसभर फक्त घासायच्या पट्ट्या केल्या. आइसक्रीमच्या काड्यांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, वर वॉटर पेपर. कागद पालथा घालून मागून कापला, म्हणजे कटरची धार बोथट होत नाही. काडीच्या शेपटीला मार्करने कागदाचा नंबर, जितका मोठा तितका बारीक: ४००, ६००, १०००. कागद झिजला की सोलायचा, नवा लावायचा, काडी तीच. पाणी लावून घासायचं तिथे मात्र जुन्या प्लास्टिकच्या फूटपट्टीचे तुकडे घेतले, लाकूड फुगतं. पाण्याने धूळ उडत नाही आणि कागदही लवकर बुजत नाही.

पण गोल पाठीवर कडक काडी चालवली तर सपाट चट्टा पडतो. त्यासाठी जुन्या स्लिपरच्या तळव्याची बोटभर रुंद पट्टी कापली. ती वाकते, पाठीला धरून चालते. आजची सगळ्यात आवडती वस्तू हीच. नाकाच्या तोंडातून आत जायला स्केचपेनच्या नळीवर कागद गुंडाळला.

बाबा शेजारी बसून होते. ओझरच्या एचएएलमध्ये, विमानांच्या कारखान्यात, फिटर होते ते, खऱ्या मिगवर कानस चालवलेला हात. म्हणाले, "नंबर गाळू नकोस. आणि दर नंबराला दिशा बदल. आधीच्या ओरखड्यांना आडवं घास, म्हणजे ते गेले की नाही ते दिसतं." हे मला कधी सुचलंच नव्हतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलातून मिग-२१ चा निरोप झाला, तेव्हा टीव्हीसमोर ते एक शब्द बोलले नव्हते. हे किट मी त्यानंतरच आणलं.

झोपण्याआधी न राहवून खळग्यात पुन्हा पुट्टी भरली, म्हणजे शीर्षक खोटंच ठरलं. बाबांनी सुकलेल्या बाजूच्या सांध्यावरून डोळे मिटून नख फिरवलं.

"इथे अजून लागतंय," म्हणाले.

उद्या तिथे स्लिपरची पट्टी, ४०० पासून.