खुर्ची शेजारी ओढून घ्या

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमचं कॉफीचं मशीन गपगार पडलं. दिवा लागेना, पाणी तापेना. वॉरंटी संपून चार महिने झालेले. दुकानात नेलं तर काउंटरवरच्या मुलाने ते हातातही घेतलं नाही. "नुसतं तपासायचे जेवढे होतील, तेवढ्यात नवं येईल," म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं, आणि तेच मनाला लागलं. काच शाबूत, झाकण घट्ट, कुठे एक चरा नाही, आणि तरी त्याची रवानगी भंगारात करायची?

शेजारच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "टाकू नका, शनिवारी रिपेअर कॅफेत घेऊन जा."

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात राहायला येऊन तीन वर्षं झाली होती, पण हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. वस्तीच्या सभागृहात पाच-सहा लांब टेबलं मांडलेली. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, दुसरीकडे सायकल उलटी करून ठेवलेली, बाकीच्या टेबलांवर पाने, पकडी, वीज तपासायचे मल्टिमीटर आणि सुट्या स्क्रूंनी भरलेले डबे. दारापाशी नाव आणि वस्तू नोंदवायची, नंबर लागेपर्यंत चहा-कॉफी घ्यायची. दुरुस्तीचे पैसे नाहीत. निघताना वाटलं तर डब्यात काही टाकायचं.

माझा नंबर लागला तो सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांकडे. मशीन त्यांच्यापुढे ठेवून मी मागे सरकले, तर ते म्हणाले, "तिकडे कुठे? खुर्ची शेजारी ओढून घ्या. मशीन तुमचं आहे, स्क्रू तुम्हीच काढा."

तळाला चार स्क्रू होते. तीन साधे, चौथ्याच्या डोक्याला त्रिकोणी खाच. घरातला कुठलाच स्क्रूड्रायव्हर त्यात बसला नसता. "हा कशासाठी, माहितीये?" त्यांनी विचारलं. "तुम्ही आत डोकावू नये म्हणून." त्यांच्या डब्यात त्रिकोणी टोकाचा बिट होता. झाकण निघालं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी रोजच्या वापरातल्या एखाद्या यंत्राचं पोट पाहिलं. पाणी तापवणारी घोड्याच्या नालासारखी नळी, आणि तिला चिकटून पांढऱ्या आवरणात तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा एक तुकडा. मल्टिमीटरची टोकं त्याच्या दोन्ही बाजूंना लावली, वीज आरपार जात असेल तर येणारा आवाज आला नाही. थर्मल फ्यूज गेला होता. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की हा फ्यूज वीज तोडतो आणि पुन्हा कधीच जोडत नाही. आग लागू नये म्हणूनच तो तिथे असतो.

नवा फ्यूज बसवताना त्यांनी तारांना डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न बाजूला सारलं. सोल्डर करायला गेलं तर त्याच उष्णतेने नवा फ्यूजही उडतो, म्हणून तारा धातूच्या बारीक नळीत घालून पकडीने दाबायच्या. ती पकड माझ्या हातात होती. मग त्यांनी नळीच्या तोंडाशी साचलेला पांढरा थर नखाने खरवडून दाखवला. क्षारांमुळे पाणी नीट वाहत नव्हतं, नळी जास्त तापत होती, आणि म्हणून फ्यूज गेला. नुसता फ्यूज बदलला असता तर तो पुन्हा गेला असता. आता मी दर दोन महिन्यांनी सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने मशीन साफ करते. नव्या फ्यूजला एखाद-दोन युरो पडले असतील. वर्षभरात मशीन एकदाही बंद पडलेलं नाही.

ही कल्पना मार्टीन पोस्टमा या पत्रकार बाईंची. १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये त्यांनी पहिला रिपेअर कॅफे भरवला. आज जगभरात अशी अडीच हजारांहून जास्त कॅफे चालतात, बहुतेक स्वयंसेवकांच्या बळावर. मला विचाराल तर यातली खरी युक्ती ती शेजारची खुर्चीच आहे. वस्तू देऊन निघून जायचं आणि संध्याकाळी न्यायला यायचं, असं असतं तर ते फक्त एक फुकटचं दुकान झालं असतं. इथे माणूस तासभर बसतो, आपल्या वस्तूच्या आत पाहतो, तिच्यावरचा हक्क त्याला परत मिळतो. निवृत्त तंत्रज्ञाच्या हातातली विद्या वाया जात नाही. एकटं राहणाऱ्या कितीतरी वृद्धांना इथे बोलायला माणूस मिळतो.

पण स्वयंसेवकांनी किती पुरं पडायचं? सायकल, चपला-बूट, कपडे यांच्या दुरुस्तीवर इथे ९ टक्के कर आहे, घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीवर मात्र २१ टक्के. शिवाय इथली मजुरी महाग. दुकानातला तो मुलगा असं का म्हणाला, ते मला हे कळल्यावर उमगलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो लागू करायला सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ची मुदत दिली. वॉशिंग मशीन, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, फोन अशा वस्तूंची दुरुस्ती उत्पादकाने वाजवी दरात करून द्यायची आहे. हे मोठंच पाऊल आहे. पण टोस्टर, केटल, कॉफी मशीन त्या यादीत नाहीत, आणि आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात त्या याच वस्तू. ही यादी वाढलीच पाहिजे असं मला फार तीव्रतेने वाटतं.

"आमच्या" म्हटलं, कारण आता महिन्यातून एका शनिवारी मी तिथे नोंदणीला बसते. कुठली वस्तू, किती वर्षं जुनी, काय बिघडलं, दुरुस्त झाली का, नसेल तर का नाही, हे सगळं भरायचं. अनेक कॅफेंमधल्या अशा नोंदी एकत्र केल्या की कुठल्या वस्तू कुठे अडतात ते दिसतं, आणि कायदा मागायला गेल्यावर हातात काहीतरी असतं.

गेल्या शनिवारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा विजेवर चालणारा टूथब्रश घेऊन आला. बॅटरी संपलेली, बाकी सगळं ठीक. माझ्या त्या गृहस्थांनी अर्धा तास खटपट केली. स्क्रू एकही नव्हता, सगळं कवच एकसंध चिकटवलेलं. उघडायचं तर फोडावं लागलं असतं, आणि मग ते पुन्हा पाणी आत येऊ न देणारं झालं नसतं. मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं पाहत होता. "मग ही बॅटरी बदलायची कशी?" त्याने विचारलं. ते म्हणाले, "बदलता यावी असं बनवलेलंच नाही."

मी फॉर्मवर ‘उघडता आला नाही’ असं लिहिलं. मॉडेलचा नंबर बुडाशी अगदी बारीक अक्षरात होता. तो मुलाने वाचून दाखवला, मी लिहून घेतला, आणि बरोबर आहे ना हे त्याने फॉर्मवर वाकून पुन्हा एकदा तपासलं.