सात आश्चर्यं आणि ८६ सेंटिमीटर

नेरुळच्या वंडर्स पार्कात जायचं ठरलं, त्याच्या आठवडाभर आधी आमच्या ओवीला डॉक्टरांकडे बढती मिळाली होती. दोन वर्षांपर्यंत बाळाला फळीवर आडवं झोपवून मोजतात, आणि त्याला म्हणतात लांबी. दोन पूर्ण झाली की भिंतीला टेकवून उभं करतात, आणि मग तीच लांबी उंची होते. सव्वादोन वर्षांच्या ओवीला हा प्रकार फारच आवडला. टाचा भिंतीला, मान सरळ, वरून पट्टी खाली येऊन डोक्याला टेकली की ‘टक्’. ८६ सेंटिमीटर. वर हातावर अस्वलाचं स्टिकर. तेव्हापासून घरात फ्रिज, कपाट, दार, जे दिसेल त्याला पाठ लावून उभी राहायची आणि हुकूम सोडायची, “मोज!”

जानेवारीतला रविवार होता. दुपारची झोप काढून तीनला निघायचं असा बेत होता, पण बाईसाहेब झोपल्याच नाहीत. बाबागाडी न्यावी की नाही यावर निखिलचं आणि माझं वाजलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “दोन धडधाकट माणसं आहात, पोर कडेवर घ्या की.” पुढे स्टेशनचे जिने चढताना त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

ठाण्याहून नेरुळला जाणं तसं सोपं. नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून पनवेल गाडी पकडायची. चुकून वाशीच्या गाडीत चढलात तर तुर्भ्यानंतर ती सानपाड्याकडे वळते आणि तुम्ही कपाळाला हात लावता. (लग्नाच्या आधी आम्ही लावला आहे.) ओवीला तिकीट नाही, पाच वर्षांखाली रेल्वे काही मागत नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली करत गाडी निघाली आणि प्रत्येक स्टेशनवर ही बया दारातल्या खांबाला पाठ लावायला धावली.

नेरुळला उतरून रिक्षा केली. पार्क सेक्टर १९ अ मध्ये आहे. नवी मुंबई महापालिकेचं हे उद्यान २०१२ साली सुरू झालं, करोनात बंद पडलं, आणि डागडुजी होऊन, नवे खेळ घेऊन २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. गेटाबाहेर झाडाखाली बसून डब्यातला दहीभात तिच्या पोटात ढकलला. लहान पोर घेऊन कुठेही जायचं तर हा पहिला नियम: गर्दीत शिरण्याआधी पोट भरून घ्या. आत गेल्यावर भूक लागली की मूल जेवत नाही, नुसतं रडतं.

आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला एक गोल गोल फिरणारी राइड होती. रांगेत वीस मिनिटं उभे राहिलो. आमचा नंबर आला तर तिथल्या दादाने रंगीत पट्टी दाखवली. ओवीचे डोळे लकाकले! सांगायची गरजच पडली नाही. पळत जाऊन टाचा जुळवल्या, मान ताठ केली, पोट पुढे काढलं. पट्टीवरची रेघ तिच्या डोक्याच्या चांगली वीतभर वर होती.

“ताई, हिला नाही बसवता येणार.”

“मी मांडीवर घेते ना.”

“तसं तर अजिबात नको. हा समोरचा दांडा मोठ्या माणसाच्या मांडीला अडतो आणि तिथेच थांबतो. पोरगी बारीक, तिच्यापुढे फट राहते. झटका बसला की खालून सटकणार.”

माझ्या मांडीचा असा जाहीर उल्लेख पहिल्यांदाच झाला, पण माणूस बोलला ते शंभर टक्के खरं. तोवर मला वाटायचं, ही उंचीची अट म्हणजे मूल घाबरेल म्हणून असते. भीतीचा प्रश्न नव्हताच, प्रश्न दांड्याचा होता.

मी रडण्याची तयारी ठेवली होती. बिस्किटाचा पुडा हातात, आवाज गोड करून. ओवी मात्र खूश! मोजलं ना तिला. लगेच पुढच्या राइडकडे बोट, “तिथं मोज!” तिथेही पट्टी, तिथेही रेघ वर, तिथेही नकार, आणि हिच्या टाळ्या. तासाभरात आम्ही चार ठिकाणी नापास झालो. तिसऱ्या ठिकाणच्या मुलाने रांग नसल्याने तिला दोनदा मोजलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

सासूबाई हे सगळं बाकावरून बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या गावच्या जत्रेत पाळणेवाला उंची नाही, नुसते पैसे मोजायचा. सहा जणी एका पाळण्यात कोंबायचा.” मग थोड्या वेळाने, “एकदा पाळण्याची कडी निघाली होती,” एवढंच बोलून गप्प झाल्या. पुढचं विचारायची हिंमत मला झाली नाही.

सात आश्चर्यांपर्यंत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. २००७ मध्ये जगभरातल्या लोकांनी मतं देऊन जी नवी सात आश्चर्यं निवडली, त्यांच्या इथे छोट्या प्रतिकृती आहेत: ताजमहाल, चीनची भिंत, रोमचं कोलोसियम, पेट्रा, माचू पिचू, चिचेन इत्झा आणि रिओचा येशू. निखिल इथे फुलला. मेक्सिकोतल्या त्या पिरॅमिडच्या चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या, वरची एक धरून ३६५, वर्षाच्या दिवसांइतक्या, हे त्याने सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, “चढायला देतात का?” तो म्हणाला, “आता नाही देत.” “मग मोजल्या कुणी?” निखिल पुढच्या आश्चर्याकडे वळला.

मला तिथे उभं राहून एक गंमत वाटली. या साऱ्यांची उंची कापली म्हणून त्यांना पार्कात जागा मिळाली, आणि आमच्या पोरीची उंची कमी म्हणून तिला एकेका खेळाबाहेर ठेवलं.

येशूसमोर ओवी थबकली. रिओतला मूळ पुतळा चौथरा सोडून ३० मीटर, आणि पसरलेले हात या टोकापासून त्या टोकापर्यंत २८ मीटर. इथला त्या मानाने बुटका, पण हात तसेच पसरलेले. आमच्याकडे रोज एक खेळ चालतो. “बाळ केवढं?” म्हटलं की तिने दोन्ही हात फाकवून “एवढं मोठ्ठं!” म्हणायचं. तिने पुतळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्यासमोर तस्से हात पसरून त्याला दाखवलं, “एवढं मोठ्ठं!” मागचं एक कुटुंब फोटोसाठी खोळंबलं होतं, तेही हसत थांबून राहिलं.

शेवटी टॉय ट्रेन. हिच्यात ओवी बसू शकेल, याची खात्री करूनच आलो होतो. डब्याशी गेलो तर माणूस म्हणाला, “बसा, बसा.” आणि दुपारभर एकदाही न रडलेल्या आमच्या कन्येने तिथे भोकाड पसरलं. कारण? मोजलंच नाही! ती डब्याच्या दारावर, खांबावर पट्टी शोधत होती. “मोज! आधी मोज!” मागे रांग वाढत होती. मी त्या माणसाला घाईघाईने प्रकार सांगितला. त्याने शिट्टी तोंडातून काढली, ओवीच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला आणि तो तसाच सरळ स्वतःच्या कमरेकडे नेला. “माझ्या पट्ट्याच्या खाली चार बोटं. पास!”

ओवी चढली. गाडीत बसून काय पाहिलं ते मला आठवत नाही, कारण ती पूर्ण फेरीभर माझ्या पट्ट्यापासून स्वतःच्या डोक्यापर्यंत बोटं मोजत होती. एक, दोन, पाच, दहा.

परतीच्या गाडीत जुईनगर यायच्या आत ती झोपली. डोकं आजीच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर, पूर्ण आडवी. दिघा गाव गेलं. निखिल तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, “डॉक्टर म्हणाले होते ना, झोपवून मोजलं की उभ्यापेक्षा थोडं जास्त भरतं?”

“सात मिलिमीटर.”

“मग ठाणं येईपर्यंत ८६.७.”