नकाशात नसलेला झरा

आराखडा जवळजवळ पूर्ण झाला होता. गावामागे धबधबा, तिथवर नेणारी सहाशे मीटरची पायवाट आणि गावाच्या वरच्या अंगाला रस्त्याला लागून असलेला सपाट माळ. तीनशे गाड्यांचा वाहनतळ, वीस स्वच्छतागृहं आणि दुकानांचे गाळे मी त्या माळावर दाखवले होते. चढ नाही, झाडं तोडावी लागत नाहीत, जागेवर कुणाचा दावा नाही. पर्यटन आराखड्याच्या कामात अशी जागा मिळाली की निम्मी लढाई जिंकली असं आम्ही समजतो.

त्या दिवशी गावकऱ्यांपुढे सादरीकरण होतं. भिंतीवर मोठा नकाशा लावून मी बोलायला सुरुवात केली. पाचेक मिनिटं झाली असतील. मागच्या रांगेतल्या एक आजी उठून थेट नकाशापाशी आल्या, त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पोरी, यात झरा कुठं आहे?"

झरा नव्हता. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या नकाशात रस्ते, घरं, झाडी, उतार सगळं येतं. झाडाखालून निघणारी पाण्याची बारीक धार येत नाही. आम्ही दोनदा सर्वेक्षण केलं होतं, आणि दोन्ही वेळा प्रश्न पर्यटकांबद्दलचे होते : किती येतात, कुठून येतात, किती वेळ थांबतात, काय खर्च करतात. गाव पाणी कुठलं पितं, हे आमच्या प्रश्नावलीत नव्हतंच.

"चल, दाखवते," म्हणून आजी निघाल्या. बैठक तशीच सोडून आम्ही दहा-बारा जण त्यांच्या मागोमाग माळावर गेलो. पाऊस थांबून आठवडा झाला होता, वरची माती कोरडी दिसत होती. आजींनी हातातली काठी जमिनीत रोवली, जोर देऊन फिरवली आणि वर काढून माझ्यापुढे धरली. टोकाला वीतभर ओल होती. "पडलेलं पाणी इथंच बसतं. मग सावकाश खाली उतरतं." माळाच्या कडेनं वीसेक मीटर खाली उतरल्यावर दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार पडताना दिसली. खाली दगडी टाकं. निम्मं गाव इथूनच पाणी भरतं.

मी वर पाहिलं. खडी पसरून, रोलर फिरवून घट्ट केलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, गाड्यांखाली सांडलेलं तेल घेऊन ते वरच्यावर वाहून जातं. आणि वीस स्वच्छतागृहांचा शोषखड्डा मी बरोबर या टाक्याच्या डोक्यावर आखला होता. आजी उठल्या नसत्या तर तो आराखडा मंजूर झाला असता. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

परतताना एका तरुणानं मला गाठलं. "मॅडम, मग आता काहीच होणार नाही का? या वाहनतळाच्या भरवशावर मी नोकरी सोडून गावी आलोय." त्याला कोरडा दिलासा देणं मला जमलं नाही. त्याचं म्हणणं खरंच होतं. गावाला पाणी हवं तशी कमाईही हवी, आणि यातलं एक विसरणारा आराखडा कागदावरच राहतो.

बैठक पुन्हा सुरू झाली तेव्हा मी सादरीकरण बाजूला ठेवलं आणि फळा मागवला. पर्यटनस्थळाची वहनक्षमता, म्हणजे त्या जागेला दिवसाला किती माणसं झेपतील, हे काढायची एक पद्धत मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ साली कोस्टा रिकामध्ये मांडली. ती फळ्यावर मावते. दहा जणांचा गट, माणशी एक मीटर, दोन गटांत पन्नास मीटर अंतर. म्हणजे एका गटाला साठ मीटर वाट. सहाशे मीटरवर एका वेळी दहा गट, शंभर माणसं. जाऊन-येऊन दोन तास लागतात आणि वाट आठ तास उघडी, म्हणजे चार पाळ्या. दिवसाला ४००.

मग कात्री लावायला सुरुवात केली. "निसरडी वाट किती?" लोकांनीच हिशेब दिला : दीडशे मीटर. चौथा हिस्सा गेला, उरले ३००. माती खचते ती एकशेवीस मीटर. पाचवा हिस्सा गेला, २४०. देखरेखीला सहा माणसं हवीत, आहेत तीन. १२०.

गेल्या रविवारी वाटेच्या तोंडाशी उभं राहून आम्ही मोजलेली माणसं होती ९३०. आणि माझ्या आराखड्याचं उद्दिष्ट होतं पाच वर्षांत दुप्पट.

"देखरेखीला सहा जण ठेवले तर?" त्या तरुणानं विचारलं. २४०, मी लिहिलं. "आणि निसरड्या भागात दगडी पायऱ्या बसवल्या तर?" ३२०. वहनक्षमतेचा आकडा निसर्गाकडून तयार मिळत नाही, तो व्यवस्थेवर हलतो, ही गोष्ट मी प्रशिक्षणांत अनेकदा समजावली आहे. ती इतक्या पटकन कुणी पकडलेली पाहिली नव्हती. तरी तो खूश नव्हता. ९३० वरून ३२० म्हणजे उत्पन्न घटणार, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. मी त्याला फिलिपीन्समधल्या बोराकाय बेटाबद्दल सांगितलं. सांडपाणी समुद्रात जात राहिलं आणि २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने अख्खं बेट पर्यटकांना बंद करावं लागलं. उघडलं तेव्हा एका वेळी बेटावर जास्तीत जास्त १९,२१५ पर्यटक, अशी मर्यादा घालूनच.

तो म्हणाला, "ते बेट आहे मॅडम. इथं माझा हप्ता आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण काम होतं. वाहनतळ दीड किलोमीटर अलीकडे, उताराच्या पलीकडच्या बाजूला नेला. तिथून गावापर्यंतची ने-आण आणि गटाबरोबर जाणारे वाटाडे ही दोन्ही कामं गावातल्याच माणसांना, अशी अट घातली. गाळे निम्मे केले. संध्याकाळपर्यंत बरीच वादावादी झाली. ती व्हायलाच हवी होती.

निघण्याआधी मी पुन्हा झऱ्यावर गेले. माणसं किती, एवढ्यानं भागत नाही. जागेत किती बदल चालेल हे आधी ठरवून तो मोजत राहायचा, अशी रीत अमेरिकेच्या वनसेवेतल्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये मांडली होती. मोजायचं काय, ते इथे समोरच होतं. आजींनी दहा लिटरची बादली धारेखाली लावली, मी घड्याळ धरलं. एक मिनिट पन्नास सेकंद. आजींनी ती वेळ दोनदा म्हणून पाठ केली. दर महिन्याला हे मोजायचं आणि धार मंदावली तर वाट बंद, हे कलम आता त्या आराखड्याच्या पहिल्या पानावर आहे.