तुम्ही विचारलंत म्हणून : बॅटरी नवी, तरी नुसतं ‘टक्’

पाऊस सरून आगरातली जमीन जरा आवळली की मला फोन यायला लागतात. माणूस वेगळा, प्रश्न तोच. “दादा, बॅटरी नवीकोरी टाकली. लाइट लख्ख पेटतायत. पण चावी फिरवली की नुसतं टक्. आता सेल्फ बदलू काय?”

मी मेकॅनिक नाही. दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचं नारळ-पोफळीचं आगर आहे आणि पोफळींच्या दोन ओळींतून अंग चोरून जाणारा 18 हॉर्सपॉवरचा जुना डिझेल ट्रॅक्टर आहे. लोक मला विचारतात ते एवढ्यासाठीच, की या ‘टक्’पायी मी जेवढे पैसे घालवलेत तेवढे पंचक्रोशीत कुणी घालवले नसतील.

तर सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटारीला, हात लावू नका. आधी अर्थिंगची वायर बघा. बॅटरीच्या मायनसवरून निघून चासीला किंवा इंजिनला बोल्टने बसवलेली ती काळी, जाड वायर. प्लसच्या लाल वायरकडे सगळे बघतात, या बिचारीकडे कुणी नाही.

मला हे कळलं ते निसर्ग वादळात. 3 जून 2020. वादळ रायगडात दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, पण दापोली-मंडणगडला त्याने काही शिल्लक ठेवलं नाही. आमच्या पोफळी काडीसारख्या मोडून पडल्या, माड मुळासकट आडवे झाले. घरातून पाखाडीवर यायलाही वाट नव्हती. खोड ओढायला ट्रॅक्टर हवा, आणि चावी फिरवली तर टक्.

बॅटरी फेब्रुवारीतच नवी टाकलेली. त्याआधीच्या वर्षी सेल्फ उघडून आतल्या मोटारीला वीज पोचवणारे कार्बन, बुश सगळं बदललेलं. वीज नाही, लॉकडाउन चालू, मेकॅनिक येणार कुठून? शेजारचा जीप घेऊन आला. लाल वायर लालला, काळी काळीला. टक्. पुन्हा टक्. मग त्याच्या काळ्या चिमट्याची स्प्रिंग आमच्या टर्मिनलवर धरेना, म्हणून वैतागून त्याने चिमटा इंजिनच्या एका उघड्या बोल्टला अडकवला. चावी फिरवली आणि इंजिन अर्ध्या फेऱ्यात धडधडायला लागलं.

सगळ्यांनी जीपच्या बॅटरीचं कौतुक केलं. मीही केलं. संध्याकाळी इंजिन बंद करून पुन्हा चावी मारली, तर परत टक्. दिवसभर चालून बॅटरी चार्ज झालेली, मग आता काय? जीप तोवर गेली होती, पण केबल आमच्याकडेच राहिली होती. सहज म्हणून तिचं एक टोक माझ्याच बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं त्याच बोल्टला. ट्रॅक्टर चालू! म्हणजे जोर जीपच्या बॅटरीचा नव्हताच. त्या केबलने आमच्या अर्थिंगच्या वायरला वळसा घातला होता, एवढंच.

वायर काढून कापली. वरून प्लास्टिक काळंभोर, कुठे चीर नाही. आत तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा. बोटाने चोळला तर झडून पडला. मधल्या पाच-सात तारा तेवढ्या तांबूस उरल्या होत्या.

“मग लाइट कसे पेटतात?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. लाइटला लागतं किती? दोन्ही हेडलाइट मिळून आठ-दहा अँपिअर. सेल्फ दीडशे अँपिअर आणि त्याहूनही जास्त ओढतो. खराब वायरीचा अडथळा नुसता 0.02 ओहम धरा. दहा अँपिअरला तिथे 0.2 व्होल्ट खर्च होतात, दिव्यात ते डोळ्याला कळतही नाहीत. दीडशे अँपिअरला त्याच जागी 3 व्होल्ट जातात. सेल्फच्या ओढीने बॅटरी आधीच साडेदहापर्यंत उतरलेली असते, त्यातून हे तीन वजा केले की सेल्फच्या वाट्याला साडेसात. तेवढ्यात सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला वीज जोडणारा चुंबकी स्विच, टक् करून आत ओढला जातो, पण सेल्फ इंजिन फिरवू शकत नाही. अरुंद पाटातून झाडाच्या आळ्याला पाणी मिळेल, त्याच पाटावर रहाट चालवायला गेलात तर कसं व्हायचं!

व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर शोध पाच मिनिटांचा आहे. गिअर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून ठेवलेली. मीटर डीसी 20 व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दुसऱ्या माणसाने चावी फिरवायची. आकडा 0.2 च्या आसपास आला तर वायर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चोर तिथेच आहे. माझा आकडा चारच्या वर होता. पिन खुंटावरच टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्येच काळी पुटं चढतात, आणि क्लॅम्पवर मोजलं तर नेमकी तीच सुटतात. हीच तपासणी प्लसच्या बाजूला, बॅटरीच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत.

बॅटरीला निर्दोष सोडा असं मी म्हणत नाही. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 दाखवते ती भरलेली, 12 वर आली ती जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना खुंटांवरच साडेनऊच्या खाली कोसळली तर दोष तिचा. मीटर नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवा. लाइट एकदम मंदावले तर बॅटरी नाहीतर तिच्या वायरी. लाइट तसेच आणि टक् वाजलं तर सोलेनॉइड किंवा कार्बन. टक्ही नाही, तर क्लचखालचा छोटा स्विच, न्यूट्रलचा स्विच, फ्यूज, चावी. आमच्याकडे एकदा क्लचच्या स्विचमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं. तो दोष सापडायला दोन दिवस गेले, निस्तरायला एक फुंकर पुरली.

स्क्रू ड्रायव्हर टाकून सेल्फचे दोन बोल्ट जोडायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. ती करू नका. गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागू न देणारे क्लचचा आणि न्यूट्रलचा स्विच तिथे दोन्ही बाजूला पडतात. मी केली होती, गाडी गिअरमध्ये आहे हे न बघता. इंजिन लागलं आणि ट्रॅक्टर माझ्या अंगावरून जायचा तो गडग्यावर चढला. चिरे अजून तसेच ढासळलेले आहेत, मी मुद्दामच लावले नाहीत.

आता, आपल्याकडेच हे इतकं का? खारी हवा. मीठ ओलावा धरून ठेवतं आणि तो लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या धातूच्या कानाच्या, तोंडातून तारांच्या फटीफटीने आत चढतो. हातोडीने ठोकून बसवलेला लग असेल तर त्याला उघडं दारच मिळतं. म्हणून वायर नवी घ्याल तेव्हा 35 स्क्वेअर एमएमची घ्या, लग मशीनने दाबून घ्या, आणि बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. रंगावर बोल्ट आवळून काही उपयोग नाही. आधी घट्ट आवळायचं, मग वरून व्हॅसलिन. उलट करू नका. काढताना मायनस आधी, लावताना शेवटी. नाहीतर प्लसवरचा पाना चासीला लागला की ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीची वाटच बघत असतो.

पावसाळ्यात तर मी मायनसची वायर काढूनच ठेवतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोपीच्या वाशाला बांधून. गेल्या श्रावणात मी मुंबईला होतो तेव्हा पुतण्याचा फोन आला.

“काका, आता तर टक् पण करत नाही. लाइटही नाहीत.”

“अरे, काळी वायर कुठाय बघ.”

जरा वेळ काही नाही, नुसता कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता.

“ही वर कोणी बांधली?”

“मीच.”

“मग आधी सांगायचं नाय काय? मी नवी बॅटरी आणायला दापोलीला निघालो होतो.”