भायखळा ते मोतमावली : पास्कानंतरची पायवारी

मोतमावलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला, चालत जाणारी बहुतेक माणसं सप्टेंबरात जातात. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या टेकडीवर जत्रा असते आणि हिल रोडवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. आम्ही भायखळ्याची काही माणसं मात्र ईस्टरनंतरच्या शनिवारी रात्री निघतो, रस्ते रिकामे असताना. पोहोचेपर्यंत उजाडतं.

हा शनिवार निवडण्यामागे कारण आहे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आमचं चर्च नुसतं गजबजलेलं असतं. लोक मटण-मासे सोडतात, शुक्रवारी येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, म्हणजे क्रूसाची वाट, चालतात, दानपेटीत नेहमीपेक्षा जास्त टाकतात. मग ईस्टर येतो. मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, नवे कपडे, घरोघरी मार्झिपानची अंडी. आणि सोमवारपासून सगळं शांत, जणू गोष्ट संपली. खरं तर पास्काकाळ, म्हणजे ईस्टरपासूनचा सणाचा काळ, पन्नास दिवसांचा असतो, उपवासकाळापेक्षा मोठा. ख्रिस्त मेला म्हणून चाळीस दिवस धावपळ करायची आणि तो उठला म्हटल्यावर घरी बसायचं, हे मला कधी पटलंच नाही. पटलं नाही म्हणून ही वारी.

शिवाय ईस्टरच्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट चालण्याचीच आहे. येशूचे दोन शिष्य यरुशलेम सोडून एम्माऊस गावाकडे निघाले, साधारण अकरा किलोमीटर. त्यांचा गुरू मारला गेला होता, सगळं संपलं होतं. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्यासोबत चालू लागला. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली, तेव्हा त्यांना कळलं की हा तर प्रभू. प्रवचनात गोष्ट बहुधा इथेच थांबते. मला त्यापुढचं वाक्य जास्त मोलाचं वाटतं: ते त्याच घटकेला उठले आणि यरुशलेमला परत गेले. दिवस कलला आहे, आमच्याकडे मुक्काम करा, असं पाहुण्याला सांगणारी माणसं स्वतः अंधारात बाहेर पडली, आणि जिथून पळून आली होती तिथेच गेली.

आमचं अंतर एम्माऊसपेक्षा थोडं जास्त भरतं. रात्री दहाच्या सुमारास निघालो. रिटायर झालेले दोन काका, वाडीतल्या तीन-चार बायका, कॉलेजातली पोरं. एका काकांच्या ट्रॉलीवर पेजेचा मोठा डबा. सोबत लोणचं, कागदी ग्लास, ओआरएसची पाकिटं, टाचा फुटल्या तर लावायला मलम. एप्रिलची रात्र, अंगाला कपडा चिकटत होता. चिंचपोकळीपर्यंत जपमाळ झाली. लालबागला मसाल्याची दुकानं कधीच बंद झाली होती, तरी हवेत मिरचीचा खकाणा होता. पोरं शिंकत पुढे गेली.

तिथेच आमच्या वाडीतल्या एका मुलीने मला गाठलं. ती कॉमर्सला आहे. मागच्या डिसेंबरात ती माझ्याबरोबर सिस्टरांच्या, म्हणजे नन्सच्या, एका आश्रमात यायची. तिथे निराधार, आजारी माणसं असतात. आम्ही आंघोळी घालतो, केस विंचरतो, नखं कापतो. एका आजींची नखं वाढून आत वळली होती. कोमट पाण्यात पाय भिजवून, एकेक बोट हातात धरून तिने ती कापली. तास-दीड तास लागला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी गेल्या.

"आंटी, मी तेव्हापासून विचार करतेय," ती म्हणाली. "आजी उद्या जाणार होत्या. नखं कापून काय झालं?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. असा प्रश्न चालता चालता वाढू द्यावा. आणि परळ आलं होतं.

टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. समोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे. याच हॉस्पिटलात कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करण्यात त्यांनी आयुष्य घातलं. देशभरातून माणसं इथे येतात. काहींना धर्मशाळेत जागा मिळते, काही फुटपाथवर चटई टाकतात. फाइलीची पिशवी उशाला, स्टोव्ह बाजूला, दोरीवर टॉवेल. मुंबईकर रोज बसमधून हे बघतो आणि त्याला त्याची सवय होते. आम्ही काही मोठं करत नाही. आठवड्यातून काही संध्याकाळी पेज नेतो, कारण केमो घेतलेल्या माणसाला तिखट-तेलकट जात नाही आणि तोंड आलेलं असेल तर भातही टोचतो. पेज मऊ, पातळ, किंचित मीठ घातलेली. गिळता येते.

त्या रात्री एका खांबाशी बुलढाण्याकडचे एक गृहस्थ बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, बाजूला बायको पाय पोटाशी घेऊन पडलेली. डबा उघडताना त्यांनी विचारलं, "ताई, एवढ्या रात्री कुठं निघालात सगळे?"

"वांद्र्याला. मोतमावलीला. चालत."

"म्हणजे तुमची वारी!" त्यांचा चेहरा उजळला. मग ते त्यांच्या वारीबद्दल बोलायला लागले. वडिलांच्या वेळेपासूनची दिंडी. वाटेत चांभार फुकट चपला शिवून देतात, न्हावी दाढ्या करतात, डॉक्टर फोडांना पट्ट्या बांधतात, कुणी तेल लावून पाय चेपून देतं. "आम्ही लाजतो हो. पण चेपणारा म्हणतो, माऊली, पाय मागं घेऊ नका, ही माझी वारी हाय." मला ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार आठवला. येशूने शिष्यांचे पाय धुवायला घेतले तेव्हा त्यांच्यातल्या पेत्रानेही पाय मागे घेतले होते. हे मी त्यांना सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले. "बरोबर हाय," म्हणाले. "घेणाऱ्यालाच जड जातं."

बायकोने अर्धा ग्लास पेज घेतली. निघताना त्यांनी वीस रुपये माझ्या हातात ठेवले. हिच्या नावानं तिकडं मेणबत्ती लावा. मी पैसे घेतले. घ्यायलाच हवे होते.

दादरला पुलावर वारा लागला आणि मुलगी पुन्हा शेजारी आली. तेव्हा मी बोलले.

संत पौलाने करिंथच्या लोकांना जे पहिलं पत्र लिहिलं, त्याचा पंधरावा अध्याय पूर्ण पुनरुत्थानावर आहे. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं तो रोखठोक लिहितो. मरणा, तुझा विजय कुठे, असं मरणालाच विचारतो. इतक्या उंचीवर नेऊन तो अध्याय संपवतो कशाने? प्रभूच्या कामात तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, या वाक्याने. आणि लगेच पुढची ओळ: आता वर्गणीविषयी. यरुशलेममधल्या गरिबांसाठी दर रविवारी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. अध्यायांचे आकडे १३व्या शतकात पडले. पौलाच्या पत्रात मध्ये जागाच नव्हती. मेलेले उठतील, म्हणून पैसे गोळा करा. पौलाला त्यात उडी मारल्यासारखं काही वाटलं नाही, मलाही वाटत नाही.

कारण आम्ही म्हणतो ते फक्त आत्म्याबद्दल नाही. आम्ही प्रार्थनेत म्हणतो त्या प्रेषितांच्या विश्वासांगीकारात 'शरीराचे पुनरुत्थान' असे शब्द आहेत. देव माणसाला उठवणार म्हणजे त्याच्या देहासकट. देव ज्या शरीराला टाकून देत नाही, त्याची नखं कापणं वाया कसं जाईल? आजींची ती बोटं त्याने बघितली आहेत, आणि ती बोटं धरणारे हातही. या जगात कामाचा उपयोग झाला की नाही हे निकालावर ठरतं: पेशंट वाचला की नाही, पोरगा पास झाला की नाही. पुनरुत्थान मानणाऱ्याला निकालाच्या पलीकडे काम करण्याची मोकळीक असते. जो बरा होणार नाही त्याचंही अंग पुसता येतं, त्याच मनापासून.

"म्हणजे रडायचं नाही?" तिने विचारलं.

रडायचं. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेशी येशू रडला, पुढच्या क्षणी त्याला उठवणार होता तरी रडला.

पोर्तुगीज चर्चवरून पुढे माहीमच्या सेंट मायकल चर्चपाशी आलो. बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला इथे सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात. आता फाटक बंद होतं. बाहेरूनच क्रूसाची खूण केली आणि कॉजवेला लागलो. या पट्ट्यावर मी दरवेळी हळू चालते. पूर्वी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. लोक होडीने जायचे आणि होड्या बुडायच्या. सरकार पैसे घालायला तयार नव्हतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि अट घातली की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. मेलेले शेवटी उठतील ही श्रद्धा पारशी धर्मातही आहे. त्या श्रद्धेचा या रस्त्याशी संबंध होता की नाही हे मला सांगता येणार नाही, पण आमची यात्रा ज्या वाटेवरून वांद्र्यात शिरते ती वाट एका बाईने दुसऱ्यांची पोरं बुडू नयेत म्हणून बांधवली, एवढं मात्र मी सोबतच्या प्रत्येकाला सांगते.

हिल रोड, सेंट अँड्र्यूज चर्च, आणि मग चढ. काकांचे गुडघे बोलायला लागले होते. दोन पोरांनी ट्रॉली घेतली, एकाने काकांचा हात. टेकडीवर समुद्राचा वारा होता. आत्ताची बॅसिलिका १९०४ची, पण माऊलीची मूर्ती फार जुनी. ती समुद्रात सापडल्याची कथा कोळी लोक सांगतात, आणि त्या माऊलीवर सगळ्यात आधी हक्क सांगतात तेही कोळीच.

दुकानं उघडत होती. मेणाचे हात, पाय, डोळे, घर, तान्हं बाळ. जे मागायचं त्या आकाराची मेणबत्ती. वीस रुपयांत काय येणार, पण भर घालायला आम्ही होतो. पोट घ्यावं का? आजार पोटाचा होता. मुलगी फळ्यांवरून बघत गेली आणि म्हणाली, "आंटी, अख्खी बाईच घेऊया ना." घेतली. डोक्यापासून पायापर्यंत.

त्या रविवारच्या मिस्सेला दरवर्षी शुभवर्तमानातली शिष्य थोमाची गोष्ट वाचतात. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा रविवार दैवी करुणेचा म्हणून नेमला, पण वाचन जुनंच आहे. हातातल्या खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय मी मानणार नाही, असं थोमा म्हणतो. येशू त्याला रागावत नाही, जखमा पुढे करतो. मरणावर मात केलेल्या देहावरही त्या तशाच होत्या. पुसल्या नव्हत्या. मी परळच्या फुटपाथवर बघते त्या टाक्यांच्या, सलाइनच्या, जळलेल्या कातडीच्या खुणा डोळ्यांसमोर आल्या आणि ख्रिस्तप्रसाद घेताना मला उभं राहणं कठीण गेलं.

नंतर पायऱ्यांवर बसून चहा-पाव खाल्ला. समोर समुद्र. शुभवर्तमानात योहानाने लिहिलंय की उठल्यानंतर एका सकाळी येशू किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे भाजत बसला होता. रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने आलेल्या शिष्यांना तो म्हणाला, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर पेत्राला सांगितलं, माझ्या मेंढरांना चार.

बाकीच्यांनी घरची वाट धरली. आम्ही चौघी वांद्र्याहून लोकलने प्रभादेवीला उतरलो आणि पूल ओलांडून परळला आलो. बुलढाण्याचे भाऊ जागेच होते. मेणबत्ती कशी लावली ते सांगितलं. अख्खी बाई घेतली म्हटल्यावर त्यांनी बायकोकडे बघितलं. ती उठून बसली होती. डोक्यावरचा पदर सरकला होता आणि केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळत होते. चटईभर झाले होते, तोंडात जात होते, घास घेता येईना. हे सगळे काढून टाकायचेत, ती म्हणाली, पण यांच्याच्यानं धीर होईना.

मुलीने इकडे-तिकडे बघितलं. "कात्री कुणाकडे आहे?"

चहावाल्याकडे दुधाच्या पिशव्या कापायची होती. डेटॉलने धुतली, गरम पाण्यात बुडवली. मी मागून खांदे धरले. भाऊंनी जुना टॉवेल गळ्याभोवती गुंडाळला.

"बारीक कर गं बाई," ती म्हणाली. "फक्त कानामागं जपून, तिथं दुखतंय."